दुकानातली शिरगणती

(समुदाय रेडिओवर बचत गटांसाठी सादर झालेलं भाषण. ज्यांचं ऐकायचं राहिलं त्यांच्यासाठी इथे देत आहोत. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



आज आपण एका वेगळ्या कॅमेऱ्याबद्दल बोलणार आहोत. हा कॅमेरा चोर पकडण्यासाठी नसतो. तो गिऱ्हाईक मोजण्यासाठी असतो. दुकानात किती माणसं आली, कुठल्या वेळेला आली, कुठल्या मांडणीपुढे थांबली, भिंतीवरच्या टीव्हीवर जाहिरात चालू असताना किती जणांनी मान वळवून पाहिलं, हे सगळं तो मोजतो. शहरातल्या मोठ्या दुकानांमध्ये, मॉलमध्ये असे कॅमेरे बसवतात. आता आपले गटही तालुक्याच्या गावी विक्री केंद्र चालवतात, प्रदर्शनात गाळा घेतात, रस्त्याकडेला दुकान टाकतात. त्यामुळे आज ना उद्या कोणीतरी येऊन तुम्हाला म्हणेल, "ताई, तुमच्या दुकानात टीव्ही बसवून देतो, फुकट. वर एक छोटा कॅमेरा असेल. जाहिराती आमच्या, भाडं तुम्हाला."

फुकट ते पौष्टिक, असं आपल्याकडे म्हणतात. पण हो म्हणायच्या आधी तो कॅमेरा नेमकं काय करतो, हे आपल्याला माहीत हवं. आणि आपल्यालाच असा कॅमेरा लावायचा असेल तर कुठला, कुठे आणि कसा, हेही कळायला हवं. म्हणून आजचं बोलणं.

मोजायचं कशाला?

आधी साधा प्रश्न. गल्ल्यात किती पैसे आले ते आपल्याला रोज कळतं. मग माणसं कशाला मोजायची?

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या गटाचं दुकान आहे. पापड, लोणची, मसाले, गोधड्या, सगळं ठेवलंय. सोमवारी ६० माणसं आत आली आणि ३० बिलं झाली. शनिवारी बाजार असतो, त्या दिवशी १६० माणसं आली आणि ४० बिलं झाली. गल्ला बघितला तर शनिवार चांगला. पण जरा हिशोब करा. सोमवारी दोघांतला एक जण काहीतरी घेऊन गेला. शनिवारी चौघांतला एक. म्हणजे बाजाराच्या दिवशी १२० माणसं रिकाम्या हाताने परत गेली. ही १२० माणसं गल्ल्यात दिसत नाहीत. ती मोजली तरच दिसतात.

ती का परत गेली? कदाचित तराजूवर एकच बाई होती आणि रांग लागली. कदाचित मिरचीचा मसाला अकरा वाजताच संपला. कदाचित भाव लिहिलेले नव्हते आणि विचारायला संकोच वाटला. हे कारण शोधायचं काम आपलं. मोजणी फक्त एवढंच सांगते, की इथे बघा, इथे काहीतरी निसटतंय.

पण मैत्रिणींनो, आकड्यांवर लगेच विश्वास ठेवायचा नाही. बाजाराच्या दिवशी लोक घरचे सगळे मिळून येतात. नवरा, बायको, सासू, दोन पोरं. माणसं पाच, पण बिल एकच होणार. एकेकटी माणसं मोजली तर वाटेल, चौघं रिकामी गेली. म्हणून अशा दुकानात माणसं मोजण्यापेक्षा घोळके मोजणं जास्त खरं. एक कुटुंब म्हणजे एक. ही गोष्ट यंत्राला सहज कळत नाही, दारात बसलेल्या बाईला मात्र बघताक्षणी कळते.

आधी हाताने मोजा

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की कॅमेऱ्याचा विचार करायच्या आधी दोन आठवडे हाताने मोजा. खर्च काही नाही. एका वहीत तासातासाचे रकाने पाडा. घोळका आत आला की एक रेघ. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी आडवी. किंवा काउंटरवर दोन डबे ठेवा, एका डब्यात चिंचोके भरून ठेवा, कोणी आलं की एक चिंचोका दुसऱ्या डब्यात टाका. तास संपला की मोजा आणि वहीत लिहा. शेजारी त्या तासातली बिलं लिहा.

दोन आठवड्यांत तुम्हाला बऱ्याच गोष्टी कळतील. कुठल्या वेळेला दोघी जणी दुकानात हव्यात आणि कुठल्या वेळेला एक पुरे. दुपारी एक ते तीन दुकान उघडं ठेवण्यात अर्थ आहे का. एसटी आली की गर्दी होते का. लहान दुकानाला एवढं पुष्कळ झालं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

मग कॅमेरा किंवा यंत्र कधी लागतं? दुकान मोठं असेल, दारं दोन-तीन असतील, दिवसाला शेकड्यांनी माणसं येत असतील, आणि मोजायला बसवलेली बाई विक्री सोडून रेघाच ओढत बसणार असेल, तेव्हा. किंवा आठवड्यापुरतं नाही तर वर्षभर, सणासुदीसकट मोजायचं असेल, तेव्हा.

मोजणाऱ्या यंत्रांचे प्रकार

सगळ्यात साधं यंत्र किरणाचं. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन छोट्या डब्या बसवतात. एकीतून न दिसणारा किरण निघतो, दुसरीवर पडतो. माणूस मधून गेला की किरण तुटतो आणि आकडा एकाने वाढतो. यात कॅमेरा नाही, फोटो नाही, काही नाही. दोष एवढाच, की दोघी जणी हातात हात घालून आत आल्या तर एकच मोजते. आणि साध्या यंत्राला आत येणारा कोण, बाहेर जाणारा कोण हे कळत नाही, म्हणून आलेल्या आकड्याचं निम्मं करावं लागतं. लहान दुकानाला हे चालतं.

दुसरा प्रकार छतावरच्या कॅमेऱ्याचा. दाराच्या आतल्या बाजूला, बरोबर वर, सरळ खाली बघणारा. त्याला आपलं डोकं आणि खांदे दिसतात. चेहरा दिसत नाही. ही खरी शिरगणती! अशा कॅमेऱ्याच्या आत एक छोटा संगणकच असतो. तो चित्रातली डोकी ओळखतो, ती कुठल्या दिशेने चालली आहेत ते बघतो आणि आत इतकी, बाहेर इतकी, असा हिशोब ठेवतो. चांगल्या यंत्रात चित्र तिथल्या तिथे पुसलं जातं आणि बाहेर जातो तो फक्त आकडा.

तिसरा प्रकार टीव्हीवरच्या, म्हणजे जाहिरातीच्या पडद्यावरच्या कॅमेऱ्याचा. तो वर छताला नसतो. तो पडद्याच्या माथ्यावर बसून समोर, आपल्या तोंडाकडे बघतो. कारण त्याला मोजायचंय की पडद्याकडे कोणी पाहिलं आणि किती सेकंद पाहिलं. समोरून किती माणसं गेली हा एक आकडा, आणि त्यातल्या किती जणांनी खरंच पाहिलं हा दुसरा. जाहिरातदाराला दुसरा आकडा हवा असतो, कारण तो पैसे त्याचे मोजतो.

चेहऱ्याच्या तीन पायऱ्या

इथे नीट लक्ष द्या, कारण सगळी गोम इथेच आहे. चेहऱ्याकडे बघणारा कॅमेरा तीन वेगवेगळी कामं करू शकतो आणि विकणारा माणूस तिन्हींना मिळून एकच नाव देतो.

पहिली पायरी: "इथे एक चेहरा आहे." एवढंच. कोणाचा, कसा, काही नाही.

दुसरी पायरी: "हा चेहरा बाईचा दिसतो, वय तिशीच्या आसपास, हसरी आहे." म्हणजे अंदाज.

तिसरी पायरी: "हा चेहरा अमुक बाईचा आहे. ही मंगळवारीही आली होती." म्हणजे ओळख.

पहिल्या पायरीने तुमचं काही बिघडत नाही. दुसरीपासून काळजी सुरू होते. आणि तिसरी पायरी म्हणजे दुकानाने दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीची नोंद ठेवणं.

दुसऱ्या पायरीचा अंदाज तरी बरोबर असतो का? अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांनी २०१८ साली याची तपासणी केली. बाजारात विकली जाणारी तीन सॉफ्टवेअर घेऊन त्यांनी विचारलं, हा चेहरा बाईचा की पुरुषाचा? गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शंभरात एकापेक्षाही कमी होती. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत सगळ्यात वाईट सॉफ्टवेअरची चूक शंभरात जवळजवळ पस्तीस होती. जॉय बुओलाम्विनी स्वतः कृष्णवर्णीय आहेत, हेही लक्षात घ्या. त्यानंतर काही कंपन्यांनी सॉफ्टवेअर सुधारलं. पण धडा आपल्यासाठी आहे. उन्हात काम करून रापलेले चेहरे, डोक्यावरून पदर, तोंडाला बांधलेला स्कार्फ. आपल्या दुकानात अशाच बायका येतात. दुसरीकडच्या चेहऱ्यांवर शिकलेलं यंत्र त्यांच्याबद्दल जे सांगेल, त्यावर माल भरायचा का?

परदेशात काय झालं

कॅनडातल्या दोन घटना सांगते, दोन्ही जाहीर झालेल्या आहेत.

२०१८ साली कॅलगरी शहरातल्या एका मॉलमध्ये एक गिऱ्हाईक नकाशाच्या पडद्यापुढे उभं होतं. कुठलं दुकान कुठे आहे ते दाखवणारा तो पडदा. त्यावर चुकून आतल्या प्रोग्रामची खिडकी उघडी राहिली होती आणि तिच्यात चेहऱ्यासंबंधीचे शब्द दिसत होते. त्या माणसाने फोटो काढला आणि बोभाटा झाला. पडद्यात कॅमेरा होता आणि तो बघणाऱ्यांचं वय, बाई की पुरुष याचा अंदाज घेत होता. मॉल चालवणारी कंपनी होती कॅडिलॅक फेअरव्ह्यू. तिथल्या सरकारी खासगीपणा आयुक्तांनी चौकशी केली आणि २०२० च्या ऑक्टोबरमध्ये निष्कर्ष जाहीर केला. बारा मॉलमध्ये हे चालू होतं. कंपनीचं म्हणणं, आम्ही फोटो ठेवत नाही, लगेच पुसतो. ते पुसलेही जात होते. पण प्रत्येक चेहऱ्यावरून तयार केलेली आकड्यांची मालिका मात्र शिल्लक होती. अशा सुमारे ५० लाख मालिका दुसऱ्याच एका कंपनीकडे साठलेल्या सापडल्या. कंपनी म्हणाली, हे आम्हाला माहीतच नव्हतं. आणि लोकांना सांगितलं होतं का, तर दारावर एक छोटं स्टिकर चिकटवलं होतं! आयुक्तांनी सांगितलं, याला संमती म्हणत नाहीत.

दुसरी घटना २०२४ च्या फेब्रुवारीतली. वॉटर्लू विद्यापीठात चॉकलेट-गोळ्या विकणारं एक यंत्र होतं. पैसे टाका, खाऊ घ्या. एके दिवशी ते बंद पडलं आणि पडद्यावर संदेश आला, त्यात चेहरा ओळखण्याच्या प्रोग्रामचं नाव होतं. विद्यार्थी चकित झाले. कंपनी म्हणाली, समोर माणूस उभा आहे एवढंच आम्ही बघतो, काही साठवत नाही. पण आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून लोकांचा विश्वास उडाला आणि विद्यापीठाने ती यंत्रं काढायला लावली.

दोन्हीकडे ही गोष्ट चुकून उघडकीला आली. पडदा बिघडला म्हणून कळलं. यातून आपल्याला दोन गोष्टी घ्यायच्या आहेत. एक, "आम्ही फोटो ठेवत नाही" एवढ्या उत्तरावर थांबायचं नाही, फोटोवरून बनवलेलं काय ठेवता, हेही विचारायचं. दोन, लपवलेली साधी गोष्टसुद्धा भरवसा घालवते.

आपल्या दुकानाचं नुकसान कुठे आहे?

कोणी म्हणेल, खेड्यात काय, सगळे सगळ्यांना ओळखतात. खरंय. म्हणूनच जास्त जपायला हवं. गटाच्या दुकानात बायका का येतात? कारण तिथे बाई बसलेली असते. सॅनिटरी पॅड मागताना मान खाली घालावी लागत नाही. एखादी सून स्वतःच्या मजुरीच्या पैशातून स्वतःसाठी काहीतरी घेते आणि ते घरी लगेच कळावं असं तिला वाटत नाही. एखाद्या पोरीला नुसतं सावलीत दोन मिनिटं थांबायचं असतं. कोण कधी आलं, कुठल्या मांडणीपुढे किती वेळ उभं राहिलं, हे चित्रासकट कोणाच्या तरी मोबाईलमध्ये जात असेल, तर हा भरवसा एका दिवसात संपेल. आणि दुकानात कॅमेऱ्याचं चित्र बघणारा मोबाईल बहुतेक वेळा कोणाच्या खिशात असतो? बसवून देणाऱ्या पोराच्या, नाहीतर घरातल्या पुरुषाच्या.

आणखी एक. पडदा समोरचा चेहरा बघून जाहिरात बदलू शकतो. बाई दिसली की गोरेपणाचं क्रीम, नाहीतर झटपट कर्ज. आपल्याच दुकानात, आपल्याच मैत्रिणींना, आपण ज्या कर्जातून बाहेर पडायला गट काढला त्याच कर्जाची जाहिरात. भाडं किती मिळणार, याच्या आधी पडद्यावर काय दिसणार, हे ठरवा.

कायदा काय सांगतो

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी निकाल दिला, की खासगीपणा हा भारतातल्या प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे. पुढे २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली.

या कायद्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. ज्या माहितीवरून माणूस ओळखू येतो ती त्याची वैयक्तिक माहिती. "आज १६० जण आले" या आकड्यावरून कोणीच ओळखू येत नाही. चेहऱ्यावरून येतं. दुसरं, संमती घ्यायची तर काय घेतो, कशासाठी घेतो हे सोप्या शब्दांत सांगावं लागतं, आणि ते राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये वाचायची सोय द्यावी लागते. मराठी त्यात आहे. म्हणजे इंग्रजी कागद पुढे करून "इथे सही करा" असं कोणी म्हणू नये. तिसरं, १८ वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमून जाहिराती दाखवायला साधारणपणे मनाई आहे. आपल्या दुकानात पोरं तर येणारच.

आणि कपडे बदलायची जागा, बाळाला पाजायची जागा, संडास-बाथरूम, इथे कॅमेरा नाही म्हणजे नाही. बाईचं खासगी क्षणी चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा शिक्षा एक ते तीन वर्षं कैद आणि दंड, पुन्हा केलं तर तीन ते सात वर्षं. गटाच्या दुकानात ब्लाउज, कुर्ते विकत असाल आणि घालून बघायला आडोसा केला असेल, तर कॅमेऱ्याचं तोंड तिकडे वळत नाही ना, हे आधी स्वतः तिथे उभं राहून बघा.

बसवायचाच असेल तर असा

एवढा विचार करून गटाने ठरवलं, की आपल्याला मोजणीचा कॅमेरा हवा. मग छतावरचा, खाली बघणारा घ्या. बसवताना या गोष्टी बघा.

जागा: दाराच्या आत, चौकटीच्या बरोबर मध्यावर. उंची साधारण आठ ते तेरा फूट. त्याहून खाली असेल तर एकाच वेळी दोन माणसं दिसणार नाहीत, फार वर असेल तर डोकी बारीक दिसतील. छताचा पंखा कॅमेऱ्याच्या नजरेत येऊ देऊ नका, पाती फिरताना घोटाळा होतो. दाराचा पडदा वाऱ्याने उडत असेल तर तो बांधा.

उजेड: दारातून उन्हाचा पट्टा आत येतो आणि दिवसभर सरकतो. त्याच्यामुळे सावल्या पडतात आणि कॅमेरा कधीकधी सावलीही मोजतो. बसवायच्या आधी सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर, असं तीनदा बघा.

रेघ: मोबाईलवर किंवा संगणकावर चित्रात एक रेघ ओढून देतात. माणसाने ती ओलांडली तरच आकडा वाढतो. ही रेघ उंबऱ्यावर नको. दोन-तीन फूट आत घ्या. नाहीतर पावसात आडोशाला उभी राहिलेली आणि नुसती डोकावून गेलेली माणसंही गिऱ्हाईक म्हणून मोजली जातील.

आपली माणसं: दुकानात काम करणाऱ्या दोघी दिवसभरात तीस वेळा आत-बाहेर करतात. त्यांचा आकडा वजा करायला हवा. काही यंत्रांना ते जमतं. नाही जमलं तर वहीत लिहून ठेवा.

परीक्षा: ही सगळ्यात महत्त्वाची आणि हीच कोणी करत नाही. गर्दीचा एक तास आणि निवांत एक तास धरा, दारात बसून हाताने मोजा आणि कॅमेऱ्याच्या आकड्याशी ताडून बघा. तुम्ही ५० मोजली आणि कॅमेऱ्याने ४६, म्हणजे शंभरातली आठ माणसं त्याच्या हातून सुटतात. हरकत नाही, पण रोज तेवढीच सुटतात ना? गर्दीत जास्त सुटत असतील तर बाजाराच्या दिवसाचा आकडा खोटा. डोक्यावर पाटी असलेली बाई, कडेवरचं पोर, उघडी छत्री, हे आपल्याकडचे नमुने मुद्दाम तपासा. कडेवरच्या बाळाला गिऱ्हाईक धरायचं नाही, हे आपल्याला कळतं, यंत्राला सांगावं लागतं. पुन्हा दर दोन-तीन महिन्यांनी आणि दुकानाची मांडणी बदलली की ही परीक्षा घ्या.

निगा: आठवड्यातून एकदा कोरड्या मऊ फडक्याने काच पुसा. कोळी जाळं करतो, पिठाची-मसाल्याची धूळ बसते, पाल फिरते. वीज गेल्यावर यंत्र स्वतःहून चालू होतं का, मधल्या काळाचा आकडा शून्य दाखवतं का, हेही बघा. वीज गेली होती, हे वहीत लिहिलं नाही तर महिनाअखेरीला आपण म्हणू, मंगळवारी कोणी आलंच नाही.

किल्ली: यंत्राबरोबर आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. तो गटाच्या दोघींकडेच ठेवा, आणि पदाधिकारी बदलले की पुन्हा बदला. चित्रं साठवायची सोय असेल तर बंद करून घ्या. तासाचा आकडा पुरे.

पाटी: दारावर, डोळ्यांच्या उंचीवर, मोठ्या मराठी अक्षरात लिहा: "या दुकानात माणसं मोजणारा कॅमेरा आहे. तो चेहरे बघत नाही, फोटो ठेवत नाही. काही विचारायचं असल्यास काउंटरवर विचारा." आणि पाटीवर लिहिलंय ते खरं असू द्या.

जाहिरात पाहिली का, हे कसं कळेल?

पडद्याचं राहिलं. आपण टीव्हीवर आपल्याच मालाची जाहिरात लावली तर ती उपयोगी पडते का, हे बघायला चेहरा मोजणारा कॅमेरा लागतोच असं नाही. एक सोपा प्रयोग करा. एक आठवडा कोकम सरबताची जाहिरात लावा, दुसऱ्या आठवड्यात काढा, तिसऱ्यात लावा, चौथ्यात काढा. चारही आठवड्यांची सरबताच्या बाटल्यांची विक्री लिहा. मधे सण किंवा जत्रा आली तर तो आठवडा सोडून द्या. कोणी पडद्याकडे किती सेकंद पाहिलं, यापेक्षा बाटली विकली गेली का, हे आपल्या कामाचं. आणि पडदा दारात लावू नका, तिथून माणसं झपकन पुढे जातात. वजन होईपर्यंत गिऱ्हाईक जिथे थांबतं, तिथे लावा.

मैत्रिणींनो, दुकानदार म्हणून आपण मोजणाऱ्या आहोत, तशा दुसऱ्याच्या दुकानात गेल्यावर मोजल्या जाणाऱ्याही आहोत. आपल्या मुली शहरात मॉलमध्ये कामाला आहेत, त्यांच्यावरही तेच कॅमेरे दिवसभर असतात. म्हणून आपल्या दुकानासाठी जो नियम कराल, तो आपल्याला दुसऱ्याच्या दुकानात आवडेल असाच करा. माणसं मोजा, माणसांवर पाळत ठेवू नका.

आजच्यापुरतं एवढंच. नमस्कार.

गटाच्या बैठकीसाठी

कॅमेरा किंवा पडदा बसवायला कोणी आलं तर हे प्रश्न विचारा. उत्तरं लिहून आणि मराठीत घ्या. उत्तर टाळलं तर सही करू नका.

१. हा कॅमेरा वरून डोकी बघतो की समोरून चेहरे?
२. चेहरे बघत असेल तर तीनपैकी कुठल्या पायरीपर्यंत?
३. चित्र कुठे जातं? ते पुसल्यावर त्यावरून बनवलेलं काय शिल्लक राहतं, आणि कोणाकडे?
४. जमलेले आकडे आम्हालाही मिळणार का? ते आणखी कोणाला विकणार का?
५. पडद्यावर कुठल्या जाहिराती येणार? नको असलेली जाहिरात थांबवायचा अधिकार गटाला आहे का?
६. वीज आणि इंटरनेटचं बिल कोण भरणार?
७. करार संपला की यंत्र कोण काढणार आणि साठवलेलं कोण पुसणार?
८. पासवर्ड कोणाकोणाकडे आहे?